कॉम्प्युटर लाइन म्हणजे नेमके कोणते काम?

दिवाळीनंतर एका साखरपुड्याला गेलो होतो. पंगत उठल्यावर एक जुने परिचित व्यापारी शेजारी येऊन बसले. किराणा मालाचा घाऊक व्यवहार, दोन गाळे, तिसरी पिढी. मी शाखाधिकारी असताना त्यांचे कॅश क्रेडिट खाते आमच्या शाखेत होते. निवृत्तीनंतरही मला सल्ला विचारण्याचा आपला हक्क अबाधित आहे असे ते मानतात, आणि खरे सांगायचे तर मलाही ते आवडते.

"साहेब, मुलगा यंदा बारावीला आहे. त्याला कॉम्प्युटर लाइनला घालायचे ठरवले आहे. कॉलेजवाले व्यवस्थापन कोट्यातून जागा देतो म्हणतात, पण रक्कम मोठी सांगतात. द्यावी का?"

मी विचारले, "कॉम्प्युटर लाइनमध्ये कोणते काम करणार तो?"

ते क्षणभर थांबले. "काम म्हणजे... कॉम्प्युटरचे. पुण्याला, हिंजवडीला."

मी त्यांनाच उलट विचारले, की उद्या कोणी अनोळखी गृहस्थ दुकानात येऊन 'माझ्या मुलाला किराणा लाइनला घालायचे आहे' असे म्हणाला, तर तुम्ही त्याला काय सांगाल? आडत की दलाली, घाऊक की किरकोळ, गोदाम सांभाळणार की वसुलीला फिरणार, असे दहा प्रश्न ते स्वतःच विचारतील. प्रत्येक कामाला वेगळा स्वभाव लागतो, वेगळे भांडवल लागते, जोखीमही वेगळी असते. ते हसले; पण रक्कम द्यावी की नाही हा प्रश्न तसाच राहिला. त्या दिवशी गडबडीत मला जे नीट सांगता आले नाही, ते येथे सविस्तर मांडतो.

मी स्वतः संगणकतज्ज्ञ नाही. वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर पदवीधर आणि आयुष्यभर बँकेचा नोकर. परंतु आमच्या पिढीने हे परिवर्तन गल्ल्याच्या आतल्या बाजूने पाहिले. मी रुजू झालो तेव्हा खतावणी हाताने होई आणि महिनाअखेरीस तेरीज जुळेपर्यंत कोणी घरी जात नसे. डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समित्यांचे अहवाल १९८४ आणि १९८९ मध्ये आले, आणि त्यानंतर शाखांमध्ये प्रथम लेजर पोस्टिंगची यंत्रे व पुढे संगणक आले. कर्मचारी संघटनांचा विरोध होता. नोकऱ्या जातील ही भीती आम्हालाही होती. त्या काळी बँकेच्या संगणक विभागात जाण्याची संधी मला एकदा चालून आली होती. 'तिकडे गेलास तर शाखाधिकारी कधी होणार?' असे वरिष्ठ म्हणाले आणि मी नकार दिला. 'कॉम्प्युटर' म्हणजे यंत्रापुढे बसून आकडे भरणे, एवढीच तेव्हा माझी समजूत होती.

ती समजूत २००६ च्या सुमारास मोडली. आमची शाखा कोअर बँकिंगवर जायची होती. जुन्या प्रणालीतील हजारो खाती नव्या प्रणालीत न्यायची, शनिवारी संध्याकाळी शाखा बंद करून सोमवारी सकाळी नव्या पडद्यावर उघडायची. त्याआधी कित्येक आठवडे बाहेरची मंडळी शाखेत येऊन बसत होती. आमच्या दृष्टीने ते सगळे 'कॉम्प्युटरवाले'. हळूहळू लक्षात आले की त्यांतील कोणाचेच काम दुसऱ्याच्या कामासारखे नाही.

एक तरुणी दिवसभर केवळ प्रश्न विचारत असे. मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडली तर व्याज कसे काढता? मृत खातेदाराच्या वारसाकडून कोणते कागद घेता? ती कोड लिहीत नव्हती. आमची कामाची रीत समजून घेऊन, ती प्रोग्रामरला कळेल अशा भाषेत लिहून काढणे हेच तिचे काम. या पदाला बिझनेस अ‍ॅनालिस्ट म्हणतात. तिने लिहिलेल्या टिपणावरून प्रत्यक्ष प्रोग्राम तयार करणारे डेव्हलपर मुंबईतच बसत. त्यांना आम्ही कधी पाहिलेही नाही. एक गृहस्थ डेटाबेसचे. जुन्या नोंदींतील एकाच माणसाची तीन तऱ्हांनी लिहिलेली नावे, नसलेल्या जन्मतारखा, शून्य शिल्लक असलेली मृत खाती, या सर्वांची साफसफाई त्यांच्या देखरेखीखाली चाले. आणखी एक मुलगा सतत टेलिफोन खात्याशी भांडत असे. शाखा आणि मुख्य केंद्र यांना जोडणारी तार, ती तुटली तर पर्यायी जोडणी, हा त्याचा प्रांत. तो नेटवर्क इंजिनियर. या सर्वांच्या तारखा, खर्च आणि रुसवेफुगवे सांभाळणारा प्रोजेक्ट मॅनेजर वेगळाच.

त्यांच्यात टेस्टिंगसाठी आलेला एक मुलगा होता. साधा बी.कॉम.; खानदेशातील एका आडतदाराचा. बनवलेला प्रोग्राम मुद्दाम वेडावाकडा वापरून त्यातील चुका शोधणे हे टेस्टरचे काम. इंजिनियर मंडळी त्याच्याकडे थोडे वरूनच पाहत. एके दिवशी तो माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "साहेब, ड्रॉइंग पॉवर चुकीची निघते आहे."

वाचकांपैकी बहुतेकांचे कॅश क्रेडिट खाते असेल, म्हणून हिशेबच मांडतो. दुकानात ४० लाखांचा माल आहे, पण त्यातील १२ लाखांचा माल उधारीवर आणलेला, पैसे देणे बाकी आहे. बँक आधी हे १२ लाख वजा करते. उरलेल्या २८ लाखांवर २५ टक्के मार्जिन सोडले की व्यापाऱ्याला २१ लाखांपर्यंत उचल करता येते. प्रोग्राम मात्र सरळ ४० लाखांवर मार्जिन सोडून ३० लाख दाखवत होता. एका खात्यात ९ लाखांचा फरक! संगणकाच्या दृष्टीने गणित अचूक होते. चूक व्यवहाराच्या आकलनात होती. त्या मुलाने ती पकडली, कारण दर महिन्याला वडिलांचे स्टॉक स्टेटमेंट तोच भरत असे.

मला त्या दिवशी जे उमगले ते हे, की या क्षेत्रात यंत्राची भाषा जाणणाऱ्यांइतकीच व्यवहाराची भाषा जाणणाऱ्यांची गरज आहे, आणि ही दुसरी भाषा आपल्या घरांत मुले न शिकवता शिकतात.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या प्रत्येक दुकानात आहे. टॅली कोणत्या प्रयोगशाळेत जन्माला आली नाही. कारखान्यांना माल आणि सुटे भाग पुरवणारे बंगळूरचे उद्योजक श्यामसुंदर गोएंका यांना आपल्या हिशेबासाठी मनासारखे सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा त्यांनी मुलाला, भरत गोएंका यांना, ते लिहायला सांगितले. १९८६ मध्ये त्यातून कंपनी उभी राहिली आणि २०२० मध्ये भरत गोएंका यांना पद्मश्री मिळाली. पुण्यात १९९० मध्ये स्थापन झालेल्या केपीआयटी कंपनीच्या मुळाशीही सनदी लेखापालांची पेढीच आहे. रवी पंडित आणि किशोर पाटील हे दोघेही सनदी लेखापाल.

आता शिक्षणाकडे वळतो. ज्याला प्रोग्राम लिहिण्यातच खरा रस आहे, तर्काचे कोडे सुटेपर्यंत ज्याला जेवण सुचत नाही, त्याने अभियांत्रिकी, बी.एस्सी. संगणकशास्त्र किंवा बी.सी.ए. हा मार्ग धरावा. त्याला कोणी थांबवू नये. परंतु साधा, ठरावीक साच्याचा कोड आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही लिहून देऊ लागली आहेत. त्यामुळे केवळ 'कोडिंगचा कोर्स केला' एवढ्या शिदोरीवर नोकरी मिळण्याचे दिवस सरत चालले आहेत, असे माझे मत आहे.

वाणिज्य शाखेला जाणाऱ्या मुलामुलींच्या पालकांना एक गोष्ट आग्रहाने सांगतो. अकरावीला अनेक महाविद्यालयांत गणित किंवा चिटणिसाची कार्यपद्धती यांतून एक निवडायचे असते. सोपे म्हणून गणित सोडले जाते, विशेषतः मुलींच्या बाबतीत. पुढे बी.कॉम. करून एम.सी.ए.ला जावेसे वाटले, तर बारावीला किंवा पदवीला गणित होते का, असे सर्वसाधारणपणे विचारले जाते. पंधराव्या वर्षी सहज घेतलेल्या निर्णयाने एकविसाव्या वर्षी एक दार बंद होते. एम.सी.ए. आता तीन नव्हे, दोन वर्षांचे आहे, हेही अनेकांना ठाऊक नसते.

ते दार बंद झाले तरी इतर दारे आहेत. मोठ्या कारखान्यांत खरेदी, साठा, विक्री आणि हिशेब एकाच प्रणालीत चालतात, तिला ई.आर.पी. म्हणतात. जर्मनीची सॅप ही त्यातली नावाजलेली. ती प्रणाली कंपनीच्या व्यवहारानुसार बसवून देणाऱ्या फंक्शनल कन्सल्टंटला वित्त विभागाचे काम करताना रोजकीर्द ते ताळेबंद सर्व पक्के ठाऊक असावे लागते. म्हणून तेथे बी.कॉम., एम.कॉम. आणि सी.ए. मंडळी मोठ्या संख्येने दिसतात. दुसरे दार माहिती प्रणालीच्या लेखापरीक्षणाचे. कोणाला कोणत्या नोंदी बदलता येतात, एकच व्यक्ती व्यवहार करून स्वतःच त्याला मंजुरी तर देत नाही ना, बॅकअप खरोखर परत वाचता येतो का, हे तपासणारा हा ऑडिटर. सी.ए. झालेल्यांसाठी त्यांच्या संस्थेचा डी.आय.एस.ए. अभ्यासक्रम आहे. सी.आय.एस.ए. ही आंतरराष्ट्रीय परीक्षा मात्र सी.ए. नसलेल्यांनाही देता येते. परीक्षा आधी देता येते; प्रमाणपत्रासाठी ५ वर्षांचा संबंधित अनुभव लागतो, त्यातील काही भाग शिक्षणाने भरून निघतो.

सपोर्टच्या कामाला आपल्याकडे उगाच हलके मानतात. एन.ई.एफ.टी. डिसेंबर २०१९ पासून आणि आर.टी.जी.एस. डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालू आहे. म्हणजे मध्यरात्री कोणीतरी जागे असते म्हणूनच ते चालते. रात्रपाळीचा त्रास आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. पण प्रणाली कोठे आणि का अडते हे जितके सपोर्टच्या माणसाला कळते, तितके क्वचितच दुसऱ्या कोणाला कळत असेल. क्विक हीलचे कैलाश काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीतून वर आले. अँटिव्हायरस त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी लिहिले.

आणि एक बँकवाला म्हणून इशारा. 'शंभर टक्के नोकरीची हमी' देणाऱ्या क्लासची फी भरण्यापूर्वी मागच्या वर्षीच्या चार विद्यार्थ्यांना स्वतः भेटा. नोकरी देण्यासाठी अनामत रक्कम मागितली, तर तो व्यवहार तेथेच थांबवा. उधारी देताना आपण गिऱ्हाईकाची जेवढी चौकशी करतो, तेवढी येथेही करावी.

आता पुन्हा त्या परिचितांकडे येतो. बोलता बोलता मी सहज विचारले, "जी.एस.टी.चे कोण पाहते हल्ली?"

"मुलगी. बी.कॉम. झाली मागच्या वर्षी. ती काय, घरचेच काम."

या घरच्या कामाची हकीकत त्यांच्याच तोंडून ऐकली. वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर गेलेली, त्यामुळे ऑगस्ट २०२३ पासून त्यांना ई-इनव्हॉइस बंधनकारक झाले. नवे बिलिंग सॉफ्टवेअर घेतले. छापील, बंद पिशवीतील तांदळावर जुलै २०२२ पासून ५ टक्के कर आहे. पण २५ किलोपेक्षा मोठ्या पोत्याला तो लागत नाही. सॉफ्टवेअर ३० किलोच्या पोत्यावरही कर लावत होते. विक्रेत्याचा माणूस म्हणत होता, प्रोग्राम बरोबर आहे. मुलीने दुकानातील प्रत्येक धान्य, प्रत्येक वजन आणि त्यावर लागायला हवा तो कर असा तक्ता केला, प्रत्येकाचे बिल काढून पाहिले आणि कोठे चुकते ते खुणा करून पाठवले. आठ दिवसांत विक्रेत्याने प्रोग्राम दुरुस्त केला.

मी त्यांना म्हणालो, "शेठ, याच कामाचा लोक पगार घेतात." ते काही बोलले नाहीत. मुलाला काय आवडते असे विचारले, तर तेही त्यांना सांगता येईना; त्यालाच हाक मारली. दुकानातील कॅमेरे, प्रिंटर आणि गोदामापर्यंतची वायर त्यानेच टाकली होती. त्याला कोड लिहायचा नव्हता, नेटवर्कचे शिकायचे होते. घरात हे त्याला आजवर कोणी विचारले नव्हते. व्यवस्थापन कोट्याची रक्कम अजून दिलेली नाही.

मुलीचा मला पंधरा दिवसांनी दूरध्वनी आला. अकरावीला गणित नव्हते, म्हणून एम.सी.ए.चा विचार तिने सोडला होता. हिशेबाचे सॉफ्टवेअर करणाऱ्या एका छोट्या कंपनीत टेस्टरच्या जागेसाठी ती अर्ज करत होती. "काका, अनुभवाच्या रकान्यात काय लिहू?" मी म्हटले, तो तक्ता जोड.

तिने तो वडिलांना दाखवला, तेव्हा त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला म्हणे, आणि पेन्सिलीने खाली एक ओळ वाढवली : २६ किलोची पोती राहिली.