दोष पात्याचा की पाण्याचा?

बार्शीटाकळीसारख्या तालुक्याच्या गावात घर बांधायला काढलं की आता शहाबादीऐवजी मोरबीची व्हिट्रिफाइड फरशी येते. ही फरशी इतकी घट्ट असते, की तिची पाणी शोषण्याची क्षमता अर्ध्या टक्क्याच्या आत राहते. छिन्नीला ती दाद देत नाही. म्हणून मिस्त्रीकडे पाण्यावर चालणारा कटर असतो : वर मेज, मधोमध हिऱ्याच्या कणांचं पातं, खाली पाण्याचा ट्रे आणि त्यात छोटा पंप. फरशीच्या कडेचे कपचे उडू लागले की पहिला दोष पात्यावर येतो आणि नवं पातं आणलं जातं. खरं तर पहिला संशय पाण्यावर घ्यायला हवा.

हे पातं कापत नाही, घासतं. हिऱ्याचे बारीक कण धातूत रुतवलेले असतात. धातू हळूहळू झिजतो, बोथट कण गळतात आणि मागचे धारदार कण उघडे पडतात. पाणी पात्याला थंड ठेवतं आणि चिरेतला गाळ धुऊन नेतं. पाण्याची धार कमी पडली की पातं तापतं, त्याची कड गुळगुळीत, चकचकीत होते आणि कपचे उडतात. असं पातं फेकू नये. भरपूर पाणी सोडून खरखरीत वाळूच्या दगडात दोन-चार काप घेतले, तर ते पुन्हा चालू लागतं. पण पाण्याची धार कमी का पडली, हे पाहिलं नाही तर तेच पुन्हा घडतं. प्लग काढून पंप उचलला की जाळीवर राखाडी चिखल थापलेला दिसतो. रात्रभर वाळला तर तो खरवडूनच काढावा लागतो. पंप तळाला टेकलेला असल्याने हाच गाळ ओढतो. त्याला फरशीच्या तुकड्यावर उचलून ठेवलं, तरी बराच फरक पडतो. बोअरचं पाणी जड असेल, तर नळीच्या तोंडाशी पांढरे क्षार धरतात. वैशाखात पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. वरून नुसती भर घातली, तर ते वाढतच जातात. पाणी बदलायलाच हवं.

सगळे दोष पाण्याचे नसतात, हे खरं. पातं डुगडुगत असेल तर वॉशरखाली खडा अडकला आहे का, बेअरिंग सैल झालंय का, हे पाहावं. लांबलचक, बारीक वायरीवर मोटर गुरगुरते आणि तापते. हातातल्या कटरमध्ये ठिणग्या वाढल्या, तर मोटरचे कार्बन ब्रश झिजलेले असतात. पण बेअरिंगमध्येही बहुधा गाळाचं पाणीच शिरलेलं असतं. आणि पाणी नि वीज शेजारी असताना अर्थिंगशिवाय यंत्र चालवणं म्हणजे जिवाशी खेळ.

पाण्याचीच चणचण, तर कोरडंच का कापू नये, असं विचारलं जातं. काटेपूर्णा धरण महानला, म्हणजे याच तालुक्यात, तरी वऱ्हाडातला उन्हाळा पाण्याची किंमत शिकवतोच. पण ट्रेमध्ये तेच पाणी फिरतं. गाळ बसू दिला की वरचं निवळ पुन्हा वापरता येतं. उलट कोरड्या कापणीतून सिलिकाची धूळ उडते. तिच्यातून होणाऱ्या सिलिकोसिसवर बरं करणारा इलाज नाही, आणि तोंडावरचा रुमाल ती बारीक धूळ अडवत नाही.

मग मिस्त्री संध्याकाळी ट्रे का धूत नाहीत? आळस म्हणून नव्हे. मजुरी स्क्वेअर फुटावर ठरते आणि धुण्याला फूट नसतात. पातं, पंप आणि फुटलेल्या फरशा यांचा खर्च मात्र कुणाच्या तरी खिशातून जातोच. म्हणून दर ठरवतानाच शेवटची पंधरा मिनिटं धुण्यासाठी मोजून द्यावीत. घरमालकालाही त्यात तोटा नाही.