रोज चोवीस टॉफ्या

1938 साली स्वीडनने सरकारी दंतसेवा सुरू केली आणि पहिल्याच तपासण्यांत सगळ्यांचे डोळे पांढरे झाले. तीन-तीन वर्षांच्या पोरांचे दुधाचे दात किडलेले! एवढे दात भरायचे तर देशातले दंतवैद्य पुरणार नव्हते. म्हणजे कीड लागूच नये असं काहीतरी करायला हवं. पण ती लागते कशाने? कुणी म्हणे जीवनसत्त्वं कमी पडतात, म्हणून दात मुळातच कच्चे राहतात. कुणाचा संशय साखरेवर. ठाम पुरावा कुणाकडेच नव्हता.

तो शोधण्यासाठी लुंड शहरातल्या व्हिपेहोल्म रुग्णालयाची निवड झाली. तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेली माणसं इथे वर्षानुवर्षं राहत. बाहेर जाणं नाही, बाहेरचं खाणं नाही. ताटात काय पडतं ते सगळं रुग्णालयाच्या हातात. संशोधकांना असंच ठिकाण हवं होतं. त्या माणसांची संमती कुणी घेतली नाही, आणि ती देता येईल अशी त्यांची स्थितीही नव्हती.

1945 मध्ये जीवनसत्त्वांपासून सुरुवात झाली. दोन वर्षं गेली, किडीत म्हणण्यासारखा फरक पडेना. मग 1947 साली प्रयोगाने उलटी दिशा धरली. आता दात वाचवायचे नव्हते, ते किडतात का हे पाहायचं होतं. खर्चाला हातभार लावणाऱ्यांत खुद्द साखर आणि मिठाईचे उद्योग होते.

रुग्णांचे गट पाडले. एका गटाला जेवणाबरोबर साखरेचं पाणी, तेही सुरुवातीला दिवसाला तब्बल 300 ग्रॅम साखरेचं. एकाला गोड पाव, एकाला चॉकलेट, एकाला कॅरमल. आणि एका गटाच्या वाट्याला आल्या टॉफ्या: मुद्दाम चिकट बनवलेल्या, दाढांच्या खाचांत रुतून बसणाऱ्या. जेवणाच्या मधल्या वेळात, दिवसाला चोवीस.

निकाल पाहून तज्ज्ञ चक्रावले. जेवणाबरोबर पोटात गेलेल्या त्या ढीगभर साखरेने कीड फारशी वाढलीच नाही. टॉफीवाल्यांचे दात मात्र धडाधड किडू लागले. टॉफ्या बंद केल्यावर नवी कीड पुन्हा कमी झाली. किडून गेलेले दात काही परत आले नाहीत. साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली आणि दाताला किती वेळ चिकटून राहिली, यावर सारं ठरत होतं.

असं का, याचा उलगडा अमेरिकेत रॉबर्ट स्टीफन यांनी 1940च्या दशकातच केला होता. तोंडात साखर आली की दातांवरच्या थरातले जंतू काही मिनिटांत आम्ल बनवतात. त्याने दातातलं कॅल्शियम झिरपू लागतं. मग लाळ हळूहळू हे आम्ल निष्प्रभ करते, पण त्याला अर्धा-एक तास लागतो. दर तासाला काहीतरी गोड चघळणाऱ्याच्या लाळेला उसंत मिळणार कधी?

व्हिपेहोल्मचे निष्कर्ष 1954 साली प्रसिद्ध झाले. पुढे स्वीडनमध्ये मुलांना गोळ्या-चॉकलेटं फक्त शनिवारी द्यायची, असा प्रचार झाला. तो रिवाज तिथे आजही आहे. प्रयोगावरही टीकेची झोड उठली, आणि माझ्या मते ती रास्तच होती. ज्यांचे दात गेले त्यांना त्यातलं काहीच कळलं नव्हतं. हाती आलेलं ज्ञान खरं आहे, म्हणून मिळवण्याची रीत क्षम्य ठरत नाही.

यावरून जेवणात साखर कितीही चालते, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. शरीराचा हिशेब वेगळा असतो. वाढतं वजन आणि किडके दात, दोन्हींकडे पाहूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलं. पाच टक्के, म्हणजे साधारण सहा चमचे, तर अधिक बरं.

आपल्याकडे दिवसभर चहा-बिस्किटांच्या फेऱ्या चालतात, आल्यागेल्याने पोराच्या हातावर गोळी ठेवणं हा तर लाडच समजला जातो. चिक्की असो की पेढा, मुलांना द्यायचाच तर बेताने द्या, आणि जेवणाच्या ताटातच वाढा.