खोपोली ते धोंदलगाव : विजेच्या वाटेवरची ११० वर्षं

रात्री उसाला पाणी द्यायला, दारं धरायला जायचं ते तिघांनी, असा आमच्या अण्णांचा दंडक होता. एकाच्या हातात बॅटरी, दुसऱ्याच्या खांद्यावर फावडं आणि तिसरा नुसता बोलत राहायला. माणसांचा आवाज कानी पडला की बिबट्या वाट सोडतो, यावर त्यांचा विश्वास होता. शेतीच्या लाइटीची पाळी आठवड्यागणिक बदलायची. एक आठवडा दिवसाची, एक रात्रीची. रात्रीच्या आठवड्यात गाव झोपलं की आम्ही निघायचो. स्टार्टरचं हिरवं बटण दाबायचं, मोटरनं पाणी धरलं की नाही हे आवाजावरून ओळखायचं आणि उसाच्या सऱ्या बदलत पहाटेपर्यंत चिखलात उभं राहायचं. व्होल्टेज पडलं की मोटर नुसती घुमायची. वेळेत बंद केली नाही तर जळायची, मग रिवाइंडिंगला टाकून चार दिवस वाट बघायची.

हे सगळं सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात, कोयनेचं धरण ज्या तालुक्यात आहे तिथे. आई म्हणायची, आपलं नशीब दिव्याखालच्या अंधाराचं.

महाराष्ट्राच्या विजेचा मागोवा घेताना मला आईचं ते बोलणं सोडून पुढे जाता येत नाही. पाणी, कोळसा, वारा, ऊन अशी या वाटेवरची मुक्कामांची नावं. किती मेगावॅट झाले याचा हिशेब प्रत्येक मुक्कामावर नीट ठेवला गेला. त्या विजेसाठी कुणी काय सोडलं आणि त्याच्या पदरात काय पडलं, हा हिशेब मात्र मागे पडत गेला. आज कोळसा सोडून उन्हाकडे वळताना तोच आधी मांडायला हवा.

घाटावरचं पाणी

कोळशाकडून स्वच्छ विजेकडे जाण्याचा महाराष्ट्रातला पहिला मोठा प्रयत्न शंभर वर्षांहून जुना आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्या कोळशाच्या बॉयलरवर चालत आणि गिरणगावाचं आभाळ धुरानं काळवंडलेलं असे. घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस अडवून त्याची वीज करावी, ही कल्पना जमशेटजी टाटांनी जोपासली. १९०४ मध्ये ते गेले. १९१० मध्ये टाटांची जलविद्युत कंपनी स्थापन झाली आणि वळवण, लोणावळा, शिरवता इथे तलाव बांधले गेले. तिथलं पाणी नळांतून पाचशे मीटरहून अधिक खाली उतरवून खोपोलीला जनित्रं फिरू लागली ती १९१५ मध्ये. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा सुरू झालं. गिरण्यांचे बॉयलर एकेक करून थंडावत गेले. मुंबईच्या उद्योगाला धुराविना चालता येतं, हे कोळशाच्या त्या जमान्यात सिद्ध झालं.

भिऱ्याच्या विजेसाठी मुळशीचं खोरं बुडणार होतं. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली भातखाचरं, देवळं, घरं पाण्याखाली जाणार म्हणून मावळचा शेतकरी १९२१ मध्ये सत्याग्रहाला उतरला. पांडुरंग महादेव बापटांनी त्याचं नेतृत्व केलं आणि याच लढ्यानं त्यांना ‘सेनापती’ हे नाव दिलं. लढा तीन वर्षं चालला. बापट तुरुंगात गेले, धरण झालं. धूर नसलेल्या विजेचंही बिल असतं आणि ते विजेच्या गिऱ्हाइकाकडे जातंच असं नाही, हे मुळशीनं पहिल्यांदा दाखवून दिलं.

स्वातंत्र्यानंतर कोयना आली. पूर्वेकडे वाहणारं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला वळवायचं, कोकणात पोफळीच्या भूमिगत वीजगृहात पाडायचं आणि वाशिष्ठीत सोडायचं, असं हे धाडसी काम. १९६२ मध्ये पहिली वीज निर्माण झाली. टप्पे वाढत गेले आणि आज कोयनेची क्षमता १,९६० मेगावॅट आहे. १९६७ च्या डिसेंबरात भूकंपानं कोयनानगर उद्ध्वस्त झालं, तरी प्रकल्प उभा राहिला. महाराष्ट्राची भाग्यरेषा असं तिला म्हणतात आणि ते खरंच आहे. कारखाने, शहरं, कृषिपंप तिच्या आधारानं वाढले. पण कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली ज्यांची गावं गेली, त्यांना घरदार उचलून दूरच्या जिल्ह्यांत जावं लागलं. त्यांची पुढची पिढी २०१८ मध्ये पुनर्वसनासाठी कोयनानगरला ठिय्या देऊन बसली होती. पहिल्या विजेला तेव्हा ५६ वर्षं झाली होती.

काळ्या सोन्याची चार दशकं

पाणी मोजकं होतं. कृष्णा पाणीवाटप लवादानं कोयनेतून पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. १९६९ मध्ये तारापूरची अणुवीज सुरू झाली, पण मागणी त्याहून वेगानं वाढत होती. १९७२ च्या दुष्काळानंतर विहिरी वाढल्या, पंप वाढले, औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. बारा महिने, चोवीस तास मिळेल अशी वीज हवी होती आणि विदर्भात वर्धा खोऱ्यात कोळसा होता. १९७४ मध्ये कोराडीचा पहिला संच सुरू झाला. पारस, भुसावळ, परळी, एकलहरे, खापरखेडा ही नावं घरोघरी माहीत झाली. १९८३ मध्ये चंद्रपूरचा पहिला संच आला.

कोळशानं महाराष्ट्राला काय दिलं, हे नाकारणं कृतघ्नपणाचं ठरेल. आमच्या घरात पहिला दिवा लागला, गावात पिठाची गिरणी आली, आयटीआय शिकलेल्या पोरांना नोकऱ्या मिळाल्या, ते याच विजेच्या बळावर. बॉयलरच्या धगीशेजारी तीन पाळ्यांत राबलेल्या कामगारांनी हे राज्य उजळलं.

पण चंद्रपूरला जाऊन राहिल्याशिवाय या विजेचं बिल कळत नाही. मी तिथे एका उन्हाळ्यात स्नेह्यांकडे चार दिवस होतो. काकू सकाळी ओटा पुसायच्या आणि दुपारी पुन्हा पुसायच्या. फडक्यावर राखाडी थर उमटायचा. गच्चीवर कुरडया घातल्या होत्या, त्यावर जुन्या साडीचं दुपदरी आच्छादन. कुरडई ऊन खाऊन वाळायला हवी, इथे ती झाकून वाळवायची. मी कारण विचारलं तर त्या म्हणाल्या, “अरे बाबा, उघडी ठेवली का दाताखाली कचकच लागते नं.”

ती कचकच समजून घ्यायला साधा हिशेब पुरे. एक युनिट विजेसाठी साधारण ७०० ग्रॅम कोळसा जळतो आणि एक किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. चंद्रपूर केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. ते दिवसभर पूर्ण क्षमतेनं चाललं तर एका दिवसात सुमारे ४९ हजार टन कोळसा लागेल. आपल्या कोळशात राखेचं प्रमाण मोठं, साधारण एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त. म्हणजे रोज सोळा-सतरा हजार टन राख एका शहराच्या उशाशी. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी काढली, तेव्हा चंद्रपूर चौथ्या क्रमांकावर होतं. आणि तिथली वीज? चंद्रपूर ते भिवंडीजवळचं पडघे, अशी साडेसातशे किलोमीटरची उच्चदाब वाहिनी ती थेट मुंबईच्या दारात पोचवते. उजेड पडघ्याला पोचला, राख चंद्रपूरलाच राहिली.

कोळशाला पाणीही भरपूर लागतं. २०१३ आणि २०१५ च्या टंचाईत परळीचं केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. २०२२ च्या पावसाळ्यात कोराडीच्या खसाळा राख बंधाऱ्याला भगदाड पडलं आणि राखेचा लोंढा शेतांत, नाल्यांत आणि नदीत पसरला.

अंधाराची वर्षं

नव्वदच्या दशकात एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पानं वायूच्या विजेचं स्वप्न दाखवलं. महागडा करार, राजकीय वादळ, १९९९ मध्ये सुरुवात आणि २००१ मध्ये बंद, असा तो अध्याय संपला आणि राज्याची काही मोलाची वर्षं त्यात गेली. २००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण, महावितरण झाल्या, तेव्हा ग्रामीण भाग भारनियमनानं होरपळत होता. दहावीची पोरं कंदिलाशी अभ्यास करत होती.

त्याच काळात झालेलं एक काम पुढे फार उपयोगी पडलं. गावठाणाचा फीडर आणि शेतीचा फीडर वेगळे करण्यात आले. तेव्हा हेतू एवढाच, की शेतीची वीज बंद असली तरी गावात दिवे राहावेत. दहा-बारा वर्षांनी सौर विजेला गावात शिरायची वाट याच वेगळ्या तारांनी दिली.

वारा आणि ऊन

वाऱ्याची सुरुवात कोकणातून झाली. १९८६ मध्ये रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ५५ किलोवॅटच्या पवनचक्क्या प्रयोगादाखल उभ्या राहिल्या. पुढे आमच्याच तालुक्यातलं वनकुसवडेचं पठार, साताऱ्याजवळचं चाळकेवाडी, धुळ्यातलं ब्राह्मणवेल पात्यांनी भरून गेलं. पण हा वारा पावसाळ्यात भरात येतो, शेतीला पाणी नको असतं तेव्हा. उन्हाळ्यात विहीर तळाला गेलेली असताना तो हात आखडतो.

ऊन तसं करत नाही. महानिर्मितीनं धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये उभा केला. १४ जून २०१७ ला मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा शासन निर्णय निघाला आणि राळेगणसिद्धीत दोन मेगावॅटचा पहिला प्रकल्प झाला. कल्पना सरळ होती. गावाजवळच्या उपकेंद्रालगत पॅनेल बसवायची आणि त्यांची वीज शेतीच्या वेगळ्या फीडरवर सोडायची. पाणी द्यायची वेळ आणि उन्हाची वेळ एकच. शेकडो किलोमीटर वाहून आणण्यातली गळती नाही. मेगावॅटला चार-पाच एकर पुरतात, तीही माळरानाची. २०२३ पासून योजनेनं दुसऱ्या टप्प्यात वेग घेतला. खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आणि दरवर्षी तीन टक्के वाढ ठरली. पहिल्या मोठ्या निविदांत युनिटचा दर तीन रुपयांच्या आसपास आला. सप्टेंबर २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला या टप्प्यातला पहिला, तीन मेगावॅटचा प्रकल्प सुरू झाला.

गेल्या वर्षी आमच्या भागातला शेतीचा फीडरही सौर विजेवर आला. माझा धाकटा भाऊ आता सकाळी नऊला मोटर चालू करतो आणि दुपारी जेवायला घरी येतो. दारं धरायला तो एकटाच जातो. मुळशीपासूनच्या या सगळ्या वाटेवर, ज्या मातीतून वीज निघाली त्याच मातीत ती आधी वापरली गेली, असं मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदाच घडतं आहे. आमच्याच तालुक्यातलं मान्याचीवाडी हे गाव २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरलं. धरण, पवनचक्क्या आणि छपरावरची पॅनेल, तिन्ही आता एकाच तालुक्यात आहेत.

उरलेला हिशेब

कोळसा मात्र गेलेला नाही. जून २०२५ मध्ये देशाच्या स्थापित क्षमतेतला निम्मा वाटा जीवाश्म इंधनांखेरीजचा झाला आणि ती अभिमानाची गोष्ट आहे. पण प्रत्यक्ष वापरली जाणारी वीज अजून सुमारे सत्तर टक्के कोळशाचीच आहे. सूर्य मावळतो, घराघरांत दिवे, पंखे, मिक्सर सुरू होतात आणि तो भार कोळशाचे संचच उचलतात. भुसावळला ६६० मेगावॅटचा नवा संच उभा राहिला, कोराडीत आणखी दोन प्रस्तावित आहेत, त्यामागे हेच कारण आहे.

म्हणून दुपारचं ऊन संध्याकाळपर्यंत साठवणं, हे पुढचं खरं काम. बॅटऱ्या आहेत आणि आपल्या डोंगरांना शोभणारी उदंचन पद्धतही आहे. दुपारच्या जादा विजेनं पाणी वरच्या तलावात चढवायचं आणि रात्री खाली सोडून वीज मिळवायची. घाटघरला २००८ पासून असा २५० मेगावॅटचा प्रकल्प आहे. २०२३ मध्ये भिवपुरीला १,००० आणि शिरवत्याला १,८०० मेगावॅटच्या प्रकल्पांचा करार झाला. खोपोलीची जनित्रं फिरवणाऱ्या तलावांपैकी एक, शिरवता, आता ऊन साठवायला पुढे येतो आहे. हे काम सह्याद्रीत होणार, म्हणून मुळशी आणि कोयनेचा धडा तिथे रोज समोर ठेवावा लागेल. जमीन जाणाऱ्याशी बोलणं आधी व्हायला हवं, करार त्यानंतर.

आणि चंद्रपूर. तिथले २१० मेगावॅटचे पहिले दोन संच निवृत्त झाले, बाकीचेही कधीतरी होतील. तेव्हा कंत्राटी कामगार, कोळशाचे ट्रकवाले, केंद्राबाहेरचे चहावाले यांचं काय, हे आत्ताच ठरवायला हवं. कामगारांच्या पोरांना सौर आणि बॅटरीच्या कामाचं प्रशिक्षण मिळावं. बंद संचांच्या जागी आणि तयार वाहिन्यांवर नवी वीज यावी. राखेची तळी रिकामी करून जमीन गावांना परत मिळावी. चाळीस वर्षं ज्यांनी राख गिळली, त्यांना कोयनेच्या माणसांसारखं ५६ वर्षांनी ठिय्या द्यायला बसवू नये.

हा प्रवास कधी पूर्ण झाला म्हणायचा, याची माझी खूण ठरलेली आहे. चंद्रपूरच्या त्या गच्चीवर ज्या उन्हाळ्यात काकू साडीचं आच्छादन घडी करून ठेवतील आणि कुरडया उघड्या उन्हात वाळत घालतील, त्या उन्हाळ्यात.