पाळणा वर जाण्याआधी जमीन पाहा!

एप्रिल उजाडला की वस्त्यावस्त्यांत लगबग सुरू होते. कमानी उभ्या राहतात, निळे झेंडे लागतात, रोषणाई चढते. पूर्वी बांबूची शिडी असे, आता भाड्याची लिफ्टची गाडी येते. तिच्या पाळण्यात कोण उभा राहतो? आपल्याच वस्तीतला पोरगा. वर्षभर ठेकेदाराकडे रस्त्यावरचे दिवे बदलणाराही बहुधा तोच. गाडी उलटली की वर्तमानपत्रात दोन ओळी येतात, ‘दुर्दैवी अपघात’. आम्हाला हा शब्द मान्य नाही. दैव मानणारी माणसे आपण नव्हेत.

गाडी उलटते ती जमिनीमुळे. हिशोब साधा आहे. पाळणा 10 मीटर उंचीवर असताना खाली गाडी 1 अंश कलली, तर वर पाळणा सुमारे 17 सेंटीमीटर बाजूला सरकतो. 5 अंश कलली, तर जवळजवळ 87 सेंटीमीटर! आणि आपल्या वस्त्यांतली जमीन कशी असते? केबलसाठी खोदून वरवर माती लोटलेली चर, डुगडुगणारे गटाराचे झाकण, उताराचा बोळ.

म्हणून जॅक पूर्ण बाहेर काढून त्यांच्याखाली जाड, रुंद फळ्या घालाव्यात. विटांचे तुकडे नव्हेत. बुजवलेल्या चरीवर, चेंबरवर जॅक टेकवू नये. लेव्हलचा बुडबुडा मध्यभागी आल्याशिवाय पाळणा उचलू नये. जॅक नसलेली सिझर लिफ्ट सपाट, पक्क्या जमिनीवरच चालवावी. यंत्राच्या पाटीवर उतार, वजन आणि वाऱ्याची जी मर्यादा लिहिली आहे, ती ओलांडू नये. सेफ्टी बेल्ट पाळण्याच्या कडीलाच अडकवावा. गाडी कलल्याचा भोंगा वाजला, तर त्याची वायर काढू नये, पाळणा जपून खाली घ्यावा.

हे ऑपरेटरला ठाऊक नसते काय? पुष्कळदा असते. तरी तो वर जातो, कारण ‘नाही’ म्हटले तर उद्याचा रोज बुडतो. खरे दुखणे इथे आहे.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कारखान्यातले आठवड्याचे काम 54 तासांवरून 48 तासांवर आणणारी 1946 ची दुरुस्ती त्यांच्याच खात्याची. कामगाराचा जीव ही मालकाची मेहरबानी नसून कायद्याची बाब आहे, हीच ती दृष्टी. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या 2020 च्या सुरक्षा संहितेतही, गंभीर इजेचा धोका दिसल्यास तो मालकाच्या नजरेस आणण्याचा हक्क कामगाराला आहे आणि त्यावर तत्काळ उपाय करणे मालकावर बंधनकारक आहे. पण एकट्या रोजंदाराने हा हक्क बजावायचा तरी कसा? त्याच्यामागे संघटना हवी.

आणि सुरुवात आपल्यापासून हवी. जयंतीची गाडी ठरवतो तेव्हा मालक आपणच असतो. मिरवणुकीची वेळ झाली म्हणून ‘चढ रे, काही होत नाही’ असे आपणच ओरडणार असू, तर ठेकेदाराला कोणत्या तोंडाने जाब विचारणार? जयंती समित्यांनी या वर्षी एवढेच ठरवावे: आधी जमीन तपासायची, आणि वर जाणाऱ्याने ‘नको’ म्हटले की ते अखेरचे. कमान तासभर उशिरा उभी राहील. राहू द्या. पोरगा रात्री घरी पोचला पाहिजे.

जय भीम!