०७१२ : आकडे घर कसं शोधतात?

तारेवरचा आवाज – लेखांक ४

मुलांनो, मागच्या आठवड्यात आपण अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात होतो. १० मार्च १८७६ रोजी अलेक्झांडर ग्रॅहम बेलनं तारेतून हाक मारली आणि पलीकडच्या खोलीतल्या थॉमस वॉटसनला ती ऐकू आली. त्या दिवशी यंत्रं दोनच होती आणि मधे तार एकच. आवाजाला जायला दुसरी जागाच नव्हती, म्हणून तो सरळ वॉटसनकडे गेला. आज तुम्ही नागपूरच्या महाल भागातून फोन लावता, तेव्हा देशात कोट्यवधी फोन असतात आणि तरीही घंटी वाजते ती नेमकी तुमच्या मावशीच्याच घरी. इतक्या फोनांमधून एकच कसा सापडतो? आजचा लेख याच प्रश्नावर आहे.

शंभर घरांना तारा किती?

समजा, गांधी गेटपासून बडकस चौकापर्यंतच्या दहा घरांनी फोन घेतले आणि प्रत्येक घराला बाकीच्या सगळ्यांशी बोलायचं आहे. पहिल्या घरातून नऊ तारा निघतील. दुसऱ्या घराची पहिल्याशी तार आधीच जोडलेली असेल, त्यामुळे तिथून नव्या आठ, तिसऱ्यातून सात. अशी बेरीज करत गेलात की उत्तर येतं ४५. आता दहाऐवजी शंभर घरं घ्या. तारा होतील ४,९५०! महालातल्या बोळांत वर बघितलं तर आभाळाऐवजी ताराच दिसतील.

यावर तोडगा निघाला तो असा : घरांनी एकमेकांना तारा जोडूच नयेत. प्रत्येक घरातून एकच तार काढून ती मधल्या एका ठिकाणी न्यावी आणि ज्याला ज्याच्याशी बोलायचं असेल, त्या दोघांच्या तारा तिथे तेवढ्यापुरत्या जोडाव्यात. शंभर घरांना शंभर तारा पुरल्या. या मधल्या ठिकाणाचं नाव टेलिफोन एक्स्चेंज. अमेरिकेत न्यू हेवन इथे २८ जानेवारी १८७८ रोजी असं एक्स्चेंज सुरू झालं, तेव्हा त्याचे ग्राहक होते २१. बरोबर चार वर्षांनी, २८ जानेवारी १८८२ ला, कोलकाता, मुंबई आणि मद्रास इथल्या एक्स्चेंजांचं रीतसर उद्घाटन झालं. कोलकात्याच्या एक्स्चेंजला ९३ ग्राहक होते. त्यांनी एकमेकांना थेट तारा जोडल्या असत्या, तर किती लागल्या असत्या? ९३ ला ९२ नं गुणा आणि दोननं भागा. ४,२७८.

नावाचा नंबर झाला

एक्स्चेंजमध्ये एक मोठा फळा असे आणि फळ्यावर प्रत्येक घराचं एकेक छिद्र. समोर ऑपरेटर बसलेली. तुम्ही फोन उचलला की तिला कळे. ती विचारी, कोण हवंय? तुम्ही नाव सांगितलं की ती दोरीच्या टोकाची पिन त्या घराच्या छिद्रात खोचून तुमची जोडणी करून देई. सुरुवातीला नंबर नव्हतेच. गावातला प्रत्येक फोनवाला आणि फळ्यावरची त्याची जागा ऑपरेटरला तोंडपाठ असे.

१८७९ मध्ये अमेरिकेतल्या लॉवेल गावात गोवराची साथ आली. मोझेस ग्रीली पार्कर नावाच्या डॉक्टरांच्या मनात आलं, गावातल्या चारही ऑपरेटर आजारी पडल्या तर? नवी माणसं बसवली तरी त्यांना कुणाचं नाव कुठल्या छिद्राशी आहे, हे कसं कळणार? त्यांनी सुचवलं, प्रत्येक ग्राहकाला एक नंबर द्या. मग कालच कामावर आलेला माणूसही जोडणी करू शकेल. एका डॉक्टरांच्या काळजीतून फोन नंबर जन्माला आला.

ऑपरेटरच्या जागी यंत्र

कॅन्सस सिटीमध्ये आल्मन स्ट्रोजर नावाचे गृहस्थ अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा धंदा करत. असं सांगतात, की त्यांच्या प्रतिस्पर्ध्याची बायको एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती आणि स्ट्रोजर यांच्यासाठी आलेले फोन ती आपल्या नवऱ्याकडे वळवी. ही गोष्ट खरी असो वा रंगवलेली, ऑपरेटरशिवाय चालणारं यंत्र स्ट्रोजर यांनी बनवलं एवढं नक्की. १८९१ मध्ये त्यांना पेटंट मिळालं आणि पुढच्याच वर्षी ला पोर्ट गावात पहिलं स्वयंचलित एक्स्चेंज सुरू झालं. भारतात पहिलं स्वयंचलित एक्स्चेंज सिमल्याला १९१३-१४ मध्ये आलं. पुढे कितीतरी दशकं आपल्या शहरांतली एक्स्चेंजं स्ट्रोजर पद्धतीनंच चालली.

हे यंत्र समजायला आजीच्या वेळचा गोल डायलचा काळा फोन आठवा. ७ च्या भोकात बोट घालून चकती फिरवली आणि सोडली, की ती मागे येताना तारेतली वीज सात वेळा तुटते. १ फिरवला तर एकदा. ० फिरवला तर दहा वेळा. यंत्राला आकडे वाचता येत नाहीत, वीज किती वेळा तुटली हे मात्र मोजता येतं.

आता एक्स्चेंजमध्ये काय होतं ते बघा. तुम्ही ३६४७ फिरवला. पहिल्या ३ नं तुमचा फोन तीन हजारांच्या गटाकडे जातो. पुढच्या ६ नं त्यातल्या सहाव्या शेकड्याकडे. तिथे शंभर घरांच्या तारांची टोकं दहा ओळींत लावलेली असतात, प्रत्येक ओळीत दहा. ४ फिरवला की धातूचा एक हात खटखट करत चार पायऱ्या वर चढतो. ७ फिरवला की तो आडवा वळून सातव्या टोकावर थांबतो. तुमच्या मैत्रिणीचं घर ते हेच. जुन्या एक्स्चेंजमध्ये असे शेकडो हात दिवसभर चढत-वळत असत आणि हॉलमध्ये त्यांचा खडखडाट चालू असे.

म्हणजे नंबरातला प्रत्येक आकडा एका वळणावरचा निर्णय असतो. महालातल्या जुन्या वाड्यात शिरताना आधी दिंडीदरवाजा लागतो, मग चौक, मग सोपा आणि शेवटी खोली. एकही टप्पा गाळून खोलीत जाता येत नाही. फोन नंबरही तसाच, डावीकडून उजवीकडे, मोठ्या जागेतून लहान जागेकडे नेणारा.

परगावी फोन लावायचा तर

शहरातल्या शहरात यंत्रं आली, तरी परगावच्या फोनला ऑपरेटर लागतच होती. महालातून पुण्याला बोलायचं तर १८० फिरवून ट्रंक कॉल बुक करायचा आणि फोनपाशी बसून राहायचं. नागपूरची ऑपरेटर पुढच्या एक्स्चेंजच्या ऑपरेटरला गाठणार, लाइन मोकळी झाली की तुमची घंटी वाजणार. घाई असेल तर अर्जंट कॉल, पैसे दुप्पट. जिवावरचा प्रसंग असेल तर लाइटनिंग कॉल, पैसे आठपट. बोलणं तीन मिनिटांच्या हिशेबात चाले आणि तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मधेच तसं सांगे. घरी फोन नसला तर पत्रिकेवर शेजाऱ्यांचा नंबर छापत आणि पुढे कंसात 'पी.पी.' लिहीत. शेजारची काकू गॅलरीतून हाक मारी, आणि हातातलं काम टाकून सगळे धावत.

२५ नोव्हेंबर १९६० रोजी कानपूर ते लखनौ अशी भारतातली पहिली एसटीडी सेवा सुरू झाली. एसटीडी म्हणजे ऑपरेटरला न सांगता आपणच परगावचा नंबर फिरवणं. पण त्यासाठी प्रत्येक गावाला स्वतःचा आकडा हवा. आपला नागपूरचा आहे ०७१२.

०७१२ वाचायला शिकू

पहिलं ० एक्स्चेंजला सांगतं, हा फोन गावाबाहेर जायचा आहे. ७ सांगतो देशाचा विभाग. १२ नागपूर. आता आपले शेजारी बघा. अमरावती ०७२१, अकोला ०७२४, वर्धा ०७१५२, चंद्रपूर ०७१७२, यवतमाळ ०७२३२. विदर्भातल्या जिल्ह्यांच्या ठिकाणांचे आकडे ०७ नं सुरू होतात. मुंबई मात्र ०२२, पुणे ०२०, नाशिक ०२५३, कोल्हापूर ०२३१. एकाच महाराष्ट्रात दोन विभाग! मग ०७ मध्ये आपल्यासोबत आणखी कोण आहे? भोपाळ ०७५५, जबलपूर ०७६१, रायपूर ०७७१.

म्हणजे टेलिफोनचे विभाग राज्यांच्या सीमांवरून पाडलेले नाहीत. आता इतिहासाचं पुस्तक उघडा. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला, त्याची राजधानी नागपूर होती. जबलपूर आणि रायपूर याच प्रांतात होते. स्वातंत्र्यानंतर १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं, आणि १ मे १९६० पासून ते महाराष्ट्रात आहे. नकाशावरचे हे जुने सोबती फोनच्या आकड्यांत आजही एका रांगेत बसलेले आहेत. मला हे फार आवडतं. पाठ करायला कंटाळवाणा वाटणारा आकडाही भूगोल आणि इतिहास सांगतो, फक्त तो वाचता आला पाहिजे.

अजून एक गंमत. सुरुवातीचं ० सोडून आकडे मोजा. नागपूरचा कोड ७१२, म्हणजे तीन आकडी, आणि घरचा नंबर सात आकडी. मुंबईचा कोड दोन आकडी, नंबर आठ आकडी. वर्ध्याचा कोड चार आकडी, नंबर सहा आकडी. बेरीज प्रत्येक वेळी १०. ज्या शहरात फोन जास्त, तिथे घरांच्या नंबरांना जास्त आकडे लागतात, म्हणून कोड छोटा ठेवावा लागतो.

पण कोड ठरला, तरी गावात एक्स्चेंजच नसेल तर फोन लागणार कसा? १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी संस्था स्थापन झाली. तिच्या अभियंत्यांनी भारताच्या उन्हात आणि धुळीत वातानुकूलनाशिवाय चालेल असं छोटं इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज बनवलं. १९८६ मध्ये ते राणी चेन्नम्मांच्या कित्तूरला बसवलं गेलं. पुढे गावोगावी अशी एक्स्चेंजं पोचली आणि नाक्यानाक्यावर 'एसटीडी – आयएसडी – पीसीओ' अशा पिवळ्या पाट्या लागल्या. रात्री उशिरा दर पाव होई, म्हणून त्या वेळी तिथे रांगा लागत. घरी फोन नसलेल्या माणसालाही आता परगावच्या लेकीशी थेट बोलता येऊ लागलं. शेजारी निरोप्याची गरज उरली नाही, ऑपरेटरचीही नाही.

या आठवड्याचं काम

पहिलं : डायलच्या फोनवर ०७१२ फिरवला, तर वीज एकूण किती वेळा तुटेल? (० म्हणजे दहा, हे विसरू नका.)

दुसरं : महालातल्या जुन्या दुकानांच्या पाट्या नीट बघा. एखाद्या पाटीवर सहाच आकडी नंबर सापडतो का? नागपूरचे नंबर आधी सहा आकडी होते, पुढे त्यांच्या सुरुवातीला २ जोडून ते सात आकडी केले गेले. सापडला तर त्या दुकानातल्या काकांना विचारा, त्यांना फोन मिळायला किती वर्षं थांबावं लागलं होतं.

तिसरं काम सगळ्यांत महत्त्वाचं : आई किंवा बाबांचा नंबर तोंडपाठ करा. तो मोबाइलमध्ये आहे, हे पुरेसं नाही. गर्दीत चुकामूक झाली आणि जवळ फोन नसला, तर कुणाच्याही फोनवरून घरी कळवता आलं पाहिजे. संकटात मदतीसाठी ११२ हा नंबरही लक्षात ठेवा.

पाठ करताना तुमच्या ध्यानात येईल, की मोबाइलच्या नंबरात ७१२ असलाच पाहिजे असं नाही. तो नंबर घराचा नाही, माणसाचा आहे, आणि माणूस तर आज महालात, उद्या मुंबईत. मग फिरत्या माणसाला फोन शोधतो कसा? ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून दिल्लीला भारतातला पहिला मोबाइल कॉल झाला. पुढच्या आठवड्यात आपण तिथूनच सुरुवात करू.