जावातील वेब सर्व्हिस : आधी करार, मग साधन

अहमदनगर जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. फलक आणि शिक्के बदलणे हे डोळ्यांना दिसणारे काम. मात्र जिल्ह्याचे नाव संगणकांच्या आपापसांतील संवादातही असते. तेथे हा एक शब्द बदलल्यावर काय होईल, हे वेब सर्व्हिस कोणत्या पद्धतीने उभारली आहे यावर अवलंबून असते.

वेब सर्व्हिस म्हणजे एका संगणकप्रणालीने दुसरीकडे इंटरनेटवरून माहिती मागण्याची ठरलेली रीत. समजा, राहुरी तालुक्यातील शेतकऱ्याच्या कर्जप्रकरणासाठी बँकेच्या प्रणालीने भूमिअभिलेखांच्या प्रणालीकडे सातबारा मागितला. जावामध्ये या संवादाचे दोन प्रमुख मार्ग आहेत.

पहिला 'सोप'. यात संदेश एक्सएमएलच्या साच्यात जातो आणि माहितीच्या स्वरूपाचा करार 'डब्ल्यूएसडीएल' फाइलमध्ये लिहिलेला असतो. संदेशावर डिजिटल स्वाक्षरी करण्याची प्रमाणित सोय हे त्याचे बळ. २००६ च्या जावा ६ मध्ये त्यासाठीची 'जॅक्स-डब्ल्यूएस' अंतर्भूत होती; २०१८ च्या जावा ११ मधून ती वगळली गेल्याने आता स्वतंत्रपणे जोडावी लागते.

दुसरा 'रेस्ट'. रॉय फील्डिंग यांनी २००० मध्ये आपल्या पीएच.डी. प्रबंधात ही शैली मांडली. प्रत्येक माहितीला स्वतंत्र पत्ता असतो आणि उत्तर बहुधा सुटसुटीत जेसन स्वरूपात येते. जावात 'जॅक्स-आरएस' किंवा 'स्प्रिंग' वापरून ती उभारतात. मोबाइल ॲपसाठी ती सोयीची ठरते.

आता नामांतराकडे वळू. सोपच्या करारात जिल्ह्यांच्या नावांची बंद यादी असेल, तर जुन्या करारानुसार तपासणी करणारी प्रणाली 'अहिल्यानगर' हे नाव नाकारील. चूक लगेच कळेल. पण तो करार वापरणाऱ्या प्रत्येक संस्थेला आपली आज्ञावली सुधारावी लागेल. रेस्टमध्ये नाव साध्या मजकुराच्या रूपात गेले, तर संदेश विनातक्रार पोहोचेल. मात्र पलीकडची आज्ञावली 'अहमदनगर' शोधत असेल, तर नोंद सापडणार नाही. जमीन जागेवर आहे, कागदही आहेत. पण शेतकऱ्याला उत्तर मिळेल 'माहिती उपलब्ध नाही'.

यावरचा उपाय दोन्ही मार्गांत एकच आहे. ओळख नावावर नव्हे, संकेतांकावर ठेवावी. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याचा संकेतांक ५२२ होता. नामांतराने त्या यादीतील आकडा बदलत नाही. नाव केवळ पडद्यावर दाखवण्यापुरते असावे.

जावातील आज्ञावलीतून करार आपोआप तयार करता येतो. पण मग आतला छोटा बदलही थेट बाहेरच्यांपर्यंत पोहोचतो. म्हणून अनेक संस्था अवलंबून असतील, तेथे करार आधी लिहावा. रेस्टसाठीही 'ओपनएपीआय'ने तो लिहिता येतो. बदल करताना जुनी आवृत्ती काही काळ चालू ठेवावी. स्वाक्षरीयुक्त संदेश किंवा जुन्या सोप प्रणालींशी संबंध असेल तेथे सोप, आणि नव्या व हलक्या कामासाठी रेस्ट, ही निवड त्यानंतर फारशी अवघड राहत नाही.