वेड्याची साक्ष

सीताबर्डीहून सदर ओलांडून छिंदवाडा रस्त्याला लागले की एक चौक येतो. कागदोपत्री त्याचे नाव काहीही असो, आम्ही नागपूरकर त्याला पागलखाना चौक म्हणतो. रिक्षावाल्यालाही तेच नाव सांगतो. ज्यावरून हे नाव पडले ते प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ सालचे. येरवडा, ठाणे, रत्नागिरी ही त्याच्या मागाहूनची. दीडशेहून अधिक वर्षांचा हा शेजार. पण अशा भिंतीपलीकडच्या माणसाचे म्हणणे ऐकून घेण्याची सवय काही आम्हांला लागली नाही.

समजा, कुठल्याशा मनोरुग्णालयात भेटीच्या दिवशी रुग्ण हळूच म्हणाला, "दादा, इथे मला मारतात." भाऊ काय करील? मनाशी म्हणेल, हाही आजाराचाच भाग असेल. तक्रार तिथेच संपली. क्षयाच्या रोग्याने हेच सांगितले असते तर तोच भाऊ हमरीतुमरीवर आला असता! मारणाऱ्याला भिंतीपेक्षा या अविश्वासाचा आडोसा मोठा.

वास्तविक कायदा आमच्याहून उदार आहे. प्रश्न समजून त्याचे सुसंगत उत्तर देता येत असेल, तर केवळ वेडामुळे कोणी साक्षीला अपात्र ठरत नाही, असे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातच, ११८ व्या कलमात, म्हटले होते. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही हे तत्त्व राखले आहे.

न्यायालयांचे लक्ष मात्र उशिरा गेले. मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील मनोरुग्णालयांसाठी नेमलेल्या महाजन समितीचा अहवाल १९८९ चा. पुढे ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडी येथे, रुग्णालय नव्हे, एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण दगावले. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळदंडांना सर्वथा बंदी केली. भूल न देता विजेचे झटके देणेही निषिद्ध ठरवले. रुग्णाला एकट्याला कोंडून ठेवता येत नाही. तात्काळ इजा टाळण्यास दुसरा उपायच नसेल तेव्हा त्याला आवरून धरता येते. पण त्याची कारणांसह नोंद व्हावी लागते. ही नोंद आणि उपचारांचे कागद यांवरच पुढे प्रकरण उभे राहते, म्हणून नातेवाइकांनी ते वेळीच मागावेत.

सेवेतील उणिवांची तक्रार प्रथम प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्याकडे, मग मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे करावयाची. मंडळाकडील अर्जाला फी नाही; अपवादात्मक प्रसंगी दाखल रुग्णाचा तोंडी किंवा टेलिफोनवरचा अर्जही चालतो. वकील परवडत नसेल तर विनामूल्य कायदेशीर मदतीचा हक्क आहे. मारहाण झाली असेल तर तो उघड गुन्हा. त्यासाठी पोलिसांकडे जाण्यास मंडळाची वाट पाहावी लागत नाही.

मंडळाचा निर्णय मान्य नसेल तर तीस दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. त्याचे नागपूर खंडपीठ सिव्हिल लाइन्समध्ये, म्हणजे सीताबर्डीहून पायी जाण्याजोग्या अंतरावर आहे.